चित्रावर घर चालेल का, सर?

विचारणारी मुलगी इचलकरंजीची आहे. बीएफए पेंटिंगचं, म्हणजे चित्रकलेच्या पदवीचं, शेवटचं वर्ष, वडील यंत्रमागावर. तिने लिहिलंय: "पप्पा म्हणतात, कलाशिक्षकाची नोकरी बघ, नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. मला फक्त चित्रं काढून जगायचंय. जमेल का? पोर्ट्रेटच्या ऑर्डरी आणि क्लास घेतले की हात बिघडतो असं सीनियर सांगतात, ते खरं का? आणि एका डॉक्टरांनी नव्या दवाखान्यासाठी सहा जलरंग मागितलेत, पाव इंपिरिअलचे (११ बाय १५ इंचाच्या कागदावरचे), फ्रेमसकट सगळे मिळून बारा हजारांत. देऊ का?"

जमेल. पण त्यातला 'फक्त' काढून टाक.

मी कोल्हापुरात १९९७ पासून चित्रांवर जगतोय. दुसरी नोकरी कधी केली नाही. पहिल्या महिन्यापासूनच्या जमाखर्चाच्या वह्या माझ्याकडे आहेत. तुझा प्रश्न वाचून त्या काढल्या आणि बेरजा करत बसलो. पहिल्या पाच वर्षांत आलेल्या दर शंभर रुपयांत माझ्या मनाने काढलेल्या चित्रांचे रुपये होते सात. बाकीचे त्र्याण्णव आले ते तैलचित्रांच्या ऑर्डरींतून, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांच्या क्लासमधून, प्रकाशकांसाठी काढलेल्या रेखाचित्रांतून आणि गणेश मंडळांच्या देखाव्यांतून. गेल्या वर्षी त्या सातचे बेचाळीस झाले. सातवरून बेचाळीसवर यायला पंचवीसहून जास्त वर्षं गेली, आणि त्या सगळ्या काळात घरात चूल पेटली, दोन मुलं शिकली, स्टुडिओचं भाडं थकलं नाही. हे आकडे तुला घाबरवायला दिलेले नाहीत. हे मला बाविसाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर मी तीन-चार वर्षं स्वतःला नालायक समजून काढली नसती.

घराचा भार हातावर टाकायचा, चित्रावर टाकायचा नाही. हात म्हणजे तुझं कसब: साम्य पकडणं, रेषा, रंगाची जाण, दुसऱ्याला शिकवता येणं. ते पहिल्या दिवसापासून विकलं जातं. चित्र म्हणजे तुला जे दिसतं आणि दुसऱ्या कुणालाच तसं दिसत नाही, ते. त्याला पिकायला वेळ लागतो. त्या चित्राने याच महिन्याचं लाइटबिल भरावं अशी अट घातलीस की काय होतं ते मी जवळून पाहिलंय. माझा एक वर्गमित्र जलरंगात माझ्यापेक्षा कितीतरी सरस होता. पावसात भिजलेला पन्हाळ्याचा रस्ता आणि त्यावर एक पिवळी छत्री, हे त्याचं चित्र प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी गेलं. दुसऱ्या महिन्यात भाड्याची तारीख आली तशी त्याने पुन्हा रस्ता काढला, पुन्हा छत्री काढली. तीन वर्षांत त्या छत्रीची चाळीसेक चित्रं झाली असतील. मग छत्री विकायची थांबली, आणि तोवर दुसरं काही बघायची त्याच्या डोळ्यांची सवय मोडली होती. आज तो चित्रं काढत नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण चूक त्याच्या हाताची नव्हतीच.

ऑर्डरी आणि क्लासने हात बिघडतो, हे सीनियरांचं म्हणणं निदान कोल्हापुरात बसून तरी कुणी बोलू नये. बाबुराव पेंटरांनी चित्रकार आनंदराव पेंटरांच्या जोडीने नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. त्याच हातांनी पुढे कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. चित्रकार एम. व्ही. धुरंधरांचा जन्म १८६७ चा, कोल्हापूरचाच. त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चाळीसेक वर्षं शिकवलं आणि शिकवता शिकवता पोस्टकार्डं, पोस्टरं, पुस्तकांतली चित्रं केली. दीनानाथ दलालांनी मुखपृष्ठं आणि कॅलेंडरं करतच १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंक काढला. आपल्या आज्यांच्या पिढीला चित्र म्हणजे काय हे त्या मुखपृष्ठांनी दाखवलं. एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. आता धुरंधरांच्या पोस्टकार्डावरच्या एखाद्या बाईच्या नऊवारीचा काठ बघ, ती ओळ कशी वळली आहे ते बघ, आणि मग सांग हात कुठे बिघडलाय. हात बिघडतो तो कामात मन घातलं नाही की. मग ते काम ऑर्डरीचं असो की स्वतःचं.

तैलचित्राच्या ऑर्डरीचं एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात पोट भरायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग हाच आहे. साखर कारखान्याचे संस्थापक, पतसंस्थेचे माजी चेअरमन, शाळेला जमीन देणारे गावचे पाटील, आणि घराघरांतले आजोबा. कागलच्या बाजूचं एक शेतकरी कुटुंब आलं. वडील, म्हणजे त्यांचे अण्णा, वारलेले, वर्षश्राद्धाला तैलचित्र लावायचं होतं. फोटो किती, तर एकच, आधार कार्डावरचा. समोरून मारलेला उजेड, गाल सपाट, डोळे दिपलेले. तो फोटो मोठा करून रंगवला असता तर आधार कार्डच मोठं झालं असतं. मी विचारलं, तुमच्यापैकी अण्णांसारखं कोण दिसतं? सगळ्यांनी धाकट्या भावाकडे बोट दाखवलं. त्याला दुसऱ्या दिवशी अण्णांची टोपी घेऊन यायला सांगितलं. सकाळी दहाला स्टुडिओच्या उत्तरेकडच्या खिडकीशी बसवलं, आणि दोन तास फक्त कपाळ, गालाचं हाड आणि टोपीची सावली भुवईवर कशी पडते याचे अभ्यास केले. हाडं भावाची, वय फोटोतलं. असं पंधरा दिवस चाललं. मुलगी बघायला आली, बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "अण्णांची डावी भुवई जरा वर असायची. काही विचारायचं असलं की." मी तिच्यासमोरच ब्रश घेतला. दोन मिलिमीटर, जास्त नाही. ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली. त्या दोन मिलिमीटरांनी चेहऱ्याबद्दल मला जे शिकवलं ते पाच वर्षांच्या कॉलेजात शिकायला मिळालं नव्हतं. त्यानंतरच्या माझ्या स्वतःच्या चित्रांत माणसं आली ती तिथूनच आली.

व्यवहाराचं म्हणशील तर ऑर्डरीला निम्मे पैसे आधी घ्यायचे. विसार हातात पडल्याशिवाय कॅनव्हास ताणायचा नाही, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. रेखांकन झालं की एकदा दाखवायचं, रंगकाम पाऊण झालं की दुसऱ्यांदा. त्यानंतरच्या बदलांचे पैसे वेगळे, आणि हे सगळं सुरुवातीलाच कोटेशनवर लिहून त्यांची सही घ्यायची. मी पहिली काही वर्षं तोंडी बोलीवर कामं केली. त्यातली चार चित्रं अजून माझ्या माळ्यावर आहेत. चारही चेहरे मला ओळखू येतात, पण ते न्यायला कुणी आलं नाही.

क्लासबद्दल थोडक्यात. शनिवार-रविवार दोन बॅच एवढं पुरे. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. इंटरमिजिएट झाली की दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक मुलांना पाठवतात आणि फी वेळेवर देतात. पण मुलांना नुसतं परीक्षेपुरतं शिकवू नकोस. त्यांच्यासमोर तू स्वतः तांब्या आणि दोन कांदे मांडून काढ. आठवड्याला दोनदा वस्तुचित्र करणाऱ्याचा हात गंजत नाही. रोज संध्याकाळी क्लास मात्र लावू नकोस. पैसे वाढतात तशी सवय लागते, आणि दिवस पुरत नाही.

प्रकाशकांची छोटी कामं, म्हणजे आतली रेखाचित्रं आणि लहान मुखपृष्ठं, माझ्याकडे येणं गेल्या दोन-तीन वर्षांत कमी झालं. काही जण आता संगणकाकडून चित्र करून घेतात. या एकाच कामावर भिस्त ठेवू नकोस. चित्रकाराने समोर बसून, माणसाला बघून, भिंतीला हात लावून करायची जी कामं आहेत ती टिकून आहेत. लग्नात उभं राहून तिथल्या तिथे चित्र काढणारी तुझ्या वयाची मुलं मी बघतो. त्यांचा वेग बघून मला त्यांचं कौतुक वाटतं.

आता किंमत. यावर कॉलेजात एक तासही होत नाही, म्हणून इथे थांबून सांगतो.

आपल्याकडे बहुतेक जण चौरस इंचाचा दर लावतात. ऐकायला सरळ आहे, पण कागदावर मांडून बघ. पाव इंपिरिअल म्हणजे ११ बाय १५, अर्धा १५ बाय २२, पूर्ण २२ बाय ३०. चौरस इंच झाले अनुक्रमे १६५, ३३० आणि ६६०. सतरा रुपये दर धरला तर पाव २,८०५ ला, अर्धा ५,६१० ला, पूर्ण ११,२२० ला. म्हणजे पूर्ण कागद पावाच्या चौपट. पण पूर्ण कागदाला चौपट वेळ लागतो का? माझा तरी दुपटीहून फार जास्त लागत नाही. लहान चित्रात विचार तेवढाच, रचना तेवढीच, कधीकधी जास्तच अवघड. या हिशोबात लहान चित्र स्वस्तात जातं आणि मोठं कुणाला परवडत नाही. म्हणून मी लांबी अधिक रुंदी धरतो. ११ अधिक १५ म्हणजे २६, १५ अधिक २२ म्हणजे ३७, २२ अधिक ३० म्हणजे ५२. तुझ्यासारख्या नव्या चित्रकाराने इंचाला दीडशे रुपये लावले तर पाव ३,९००, अर्धा ५,५५०, पूर्ण ७,८००. फ्रेम वेगळी. घेणाऱ्याला मोठं चित्र आवाक्यात वाटतं आणि लहान चित्रात तुझं नुकसान होत नाही. वर्षातून एकदा, तेही वर्षभरात बरी विक्री झाली असेल तरच, दर दहा टक्क्यांनी वाढवायचा. खाली आणायचा नाही. कारण ज्याने गेल्या वर्षी तुझं चित्र घेतलं त्याचा विश्वास त्या दराला बांधलेला असतो.

गॅलरीतला आणि घरातला दर एकच असला पाहिजे. गॅलरी विक्रीवर तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कमिशन घेते. लोकांना ते जास्त वाटतं, पण चांगली गॅलरी त्या पैशात भिंत देते, ग्राहक देते, वसुली करते. तू त्याच चित्राला घरी तीस टक्के कमी लावलेस की गॅलरीवाल्याचा तुझ्यावरचा भरवसा गेला, आणि ग्राहकालाही कळलं की तुझ्या किमतीला तळ नाही. त्यापेक्षा सुरुवातीपासून दरच असा ठेव की कमिशन गेल्यावरही रंग-कागद आणि मजुरी सुटेल.

प्रदर्शनाचं स्वप्न सगळ्यांना असतं, मलाही होतं. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची. तिथे हॉल मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, म्हणून अर्ज लवकर करून ठेव आणि मग विसरून कामाला लाग. तोवर कोल्हापुरात शाहू स्मारक आहे, पुण्याचं बालगंधर्व कलादालन आहे. मुंबईतलं माझं पहिलं प्रदर्शन मी बत्तीस फ्रेमा टेंपोत घालून नेलं. रात्रभर घाटात प्रत्येक खड्ड्याला काचांचा आवाज ऐकत बसलो होतो. भाडं, फ्रेमा, टेंपो, पत्रिका, सात दिवस राहणं-खाणं, आणि विकली गेली तीन चित्रं. निम्मा खर्चसुद्धा निघाला नाही. पण अभिप्रायाच्या वहीत मी प्रत्येकाला नावाबरोबर फोन नंबर लिहायला सांगत होतो. परत आल्यावर त्यातल्या प्रत्येकाला दिवाळीला हाताने रंगवलेलं एक छोटं कार्ड पाठवलं. चौदा महिन्यांनी साताऱ्याच्या एका डॉक्टरांचा फोन आला. ते त्या वहीत नुसतं "छान" लिहून गेले होते. त्यांनी घरासाठी पाच चित्रं घेतली, आणि मग त्यांचे दोन मित्र आले. आजही माझी निम्मी विक्री त्या वहीच्या साखळीतून होते. म्हणून प्रदर्शन कर्ज काढून करू नकोस. पाच-सहा वर्षांत उगवणारं बियाणं आहे ते, त्याच हंगामात पीक मागू नकोस.

पैसे भरा आणि पुरस्कार घ्या, असले मेसेज तुला आत्तापासूनच येत असतील. त्यांना उत्तरही देऊ नकोस. बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या १८८८ पासून चालत आलेल्या संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनाला किंवा राज्य कला प्रदर्शनाला प्रवेशिका पाठवायची थोडी फी असते, ती वेगळी गोष्ट. तिथे जाणकार निवड करतात आणि नाकारतातही. मी सात वेळा नाकारला गेलोय.

कागदपत्रांचं ऐक, कारण इथे आपली मुलं फसतात. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या सतराव्या कलमात एक गोष्ट आहे जी बऱ्याच चित्रकारांना माहीत नसते: कुणी मोबदला देऊन, सांगून चित्र काढून घेतलं, आणि तुमच्यात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर त्या चित्राचा कॉपीराइट पहिल्यापासून त्या सांगणाऱ्याचा. तू काढलंस म्हणून तुझा होत नाही. माझं हे शिक्षण महागात झालं. एका संस्थेने कार्यालयासाठी माझ्याकडून रंकाळ्याचं चित्र करून घेतलं आणि दोन वर्षांनी ते कॅलेंडरवर छापलं. हजारो प्रती निघाल्या, चित्राखाली माझं नावही नव्हतं. वकिलाने पहिला प्रश्न विचारला, "लेखी काय आहे?" काहीच नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक कोटेशनवर छापील ओळ असते: "चित्राची मालकी ग्राहकाची, कॉपीराइट चित्रकाराचा, छपाई किंवा अन्य वापरासाठी वेगळा लेखी करार." तू ती जशीच्या तशी घे. छपाईचे हक्क द्यायचे असतील तर किती वर्षांसाठी आणि कुठे हे लिही. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत धरतो. स्वतःच्या मनाने काढून मग विकलेल्या चित्राचं तसं नाही. चित्र गेलं तरी कॉपीराइट तुझ्याकडेच राहतो, तू लिहून देईपर्यंत.

त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. तुझं मूळ चित्र पुढे दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर त्यात चित्रकाराला किंवा वारसांना हिस्सा, जास्तीत जास्त दहा टक्के. कागदावर चांगली आहे, पण ती कुणाच्या पदरात पडलेली मी पाहिली नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडे नागपुरात जन्मले, जे. जे.त शिकले आणि दिल्लीत निजामुद्दीनला छोट्या जागेत साधेपणाने राहून २००१ मध्ये गेले. २०२१ मध्ये त्यांचं १९६१ चं एक चित्र लिलावात ३९ कोटी ९८ लाखांना गेलं. पेपरमधल्या असल्या बातम्या तुझे नातेवाईक तुला पाठवतील. त्या रकमा चित्र बाळगणाऱ्यांच्या आहेत, चित्र काढणाऱ्यांच्या जगण्याशी त्यांचा संबंध नाही. गायतोंडेंची चित्रं मात्र मिळतील तिथे बघ, रांगेत उभं राहून बघ.

दोन कामं याच महिन्यात कर. पहिलं, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. ऑनलाइन होते, एक पैसा लागत नाही, आधार आणि पॅन पुरतं. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की कंपनी किंवा प्रकाशकाला जास्त मुदत लेखी ठरली असली तरी तुझं बिल ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, नाहीतर कायद्याने व्याज लागतं. बिलाच्या डोक्यावर उद्यम क्रमांक छाप. नुसत्या त्या क्रमांकाने माझी थकबाकी निम्म्यावर आली. दुसरं, आयकर विवरण. कंपन्या बिलातून बहुधा दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, कापून घेतात. तुझं उत्पन्न करपात्र नसेल तर ते पैसे परत मिळतात, पण विवरण भरलं तरच. शिवाय तीन वर्षांची विवरणं हातात असली की उद्या स्टुडिओसाठी कर्ज मागताना बँकेतला माणूस तुला खुर्ची देतो.

तू जे विकतेस ते टिकलं पाहिजे, ही जबाबदारीही तुझीच. माझं एक जलरंग रत्नागिरीला गेलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर फोटो आला: आकाशभर तपकिरी ठिपके. बुरशी. फ्रेमवाल्याने माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, न घालता काच थेट कागदावर टेकवली होती आणि मागे साधं हार्डबोर्ड. चित्र टांगलं होतं पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर. मी स्वतः गेलो, चित्र परत आणलं, तोच विषय पुन्हा काढून पैसे न घेता दिला. तेव्हापासून फ्रेम माझ्यासमोर होते. आम्लरहित माउंट, काच आणि कागदात अंतर, मागचा बोर्ड चांगला, कडा टेपने बंद, आणि मागे चिठ्ठी: "बाहेरच्या भिंतीवर लावू नये, थेट उन्हात नको." रंगांचंही तसंच. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त ट्यूबा सरावाला ठीक, विकायच्या चित्राला नको. ट्यूबेवर रंगद्रव्याचा क्रमांक आणि उजेडात टिकण्याची खूण असते, ती वाचायची सवय लाव. ओपेरा नावाचा झगझगीत गुलाबी उन्हात काही महिन्यांत उडतो. जुनं ॲलिझरिन क्रिमझन, तो गडद लाल रंग, तेही उडतं. ज्याने पगारातून बाजूला काढून तुझं चित्र घेतलं, त्याच्या भिंतीवर पाच वर्षांनी ते पांढरं पडावं हे मला सहन होत नाही.

आता पप्पांचं. त्यांच्यावर रागावू नकोस. यंत्रमागावर मीटरवर पैसे मिळतात. सूत तुटलं, वीज गेली की कमाई थांबते. ज्याने आयुष्यभर अशा अनिश्चितपणात घर चालवलं, त्याला मुलीसाठी महिन्याच्या एक तारखेचा पगार हवा असणारच. त्यांच्याशी कलेवर वाद घालू नकोस. एक वही कर आणि दर महिन्याच्या शेवटी त्यांच्यासमोर ठेव: काय आलं, काय गेलं, कुणाकडे किती येणं आहे. पहिल्या वर्षी आकडे लहान असतील. पण मागावरच्या माणसाला हिशोब वाचता येतो, आणि महिन्यामागून महिना वाढणारी ओळ त्याला माझ्या किंवा तुझ्या शब्दांपेक्षा लवकर कळते. माझे वडील एसटीत होते. चौथ्या वर्षी त्यांनी माझी वही बघितली आणि फक्त म्हणाले, "कारखान्याचं येणं राहिलंय की रे." त्या दिवसापासून माझी वसुली तेच करायचे.

नोकरीचं म्हणशील तर अनुदानित शाळेत कलाशिक्षकाची कायम जागा निघणं आता फार दुर्मीळ झालंय. त्यासाठी अभ्यासक्रम, अर्ज, वाट बघणं यात चार-पाच वर्षं जाऊ शकतात. समोरून आली, आणि दुपारी मोकळं करणारी असली, तर घे. त्यात कमीपणा नाही, धुरंधरांनीही आयुष्यभर शिकवलं. पण खासगी शाळेत सकाळी सात ते चार, थोडक्या पगारावर, वर स्नेहसंमेलनाचे देखावे आणि फळालेखन, अशी नोकरी घेऊ नकोस. त्यापेक्षा शनिवार-रविवारचे क्लास आणि महिन्याला एक तैलचित्र यात जास्त सुटतं, आणि सकाळ तुझी राहते. सकाळी सहा ते दहा ही वेळ कुणालाच विकू नकोस, ऑर्डरीलाही नाही. माझ्या बेचाळीस रुपयांतला प्रत्येक रुपया त्या चार तासांतला आहे. घरी राहून सुरुवात करतेयस, भाडं नाही, हे तुझं फार मोठं भांडवल आहे. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत वेगळा स्टुडिओ घेऊ नकोस.

राहिला डॉक्टरांचा प्रश्न. बारा हजारांत सहा, तेही फ्रेमसकट, म्हणजे चित्राला दोन हजार. त्यातून माउंट आणि काचेची फ्रेम गेली की तुझ्या हातात जेमतेम रंग-कागदाचे पैसे उरतील. पण त्यांना नाही म्हणू नकोस. ते तुझे पहिले ग्राहक आहेत, आणि दवाखान्याच्या भिंतीसमोर रोज पन्नास माणसं अर्धा-अर्धा तास बसतात. त्यांना सांग: "डॉक्टर, बारा हजारांत तीन देते, फ्रेमचं बिल फ्रेमवाल्याचं जसं असेल तसं वेगळं." २६ इंच, दीडशेचा दर, ३,९००, तीन झाले ११,७००. उरलेले तीनशे घेऊ नकोस, बिलावर दराप्रमाणे ११,७०० च लिही. सहा हजार आधी घे. तिन्ही चित्रं आधी जागेवर जाऊन, भिंतीवर उजेड कुठून येतो ते बघून ठरव. बाकीच्या तीन भिंती त्यांना वर्षभर रिकाम्या ठेवायला सांग. बिलाचा मसुदा तयार केलास की मला पाठव, कॉपीराइटची ओळ घातली आहेस का ते मी बघतो.